नकाशातला मानपान

बोडीटोला, अड्याळजवळ
१२ ऑगस्ट २०२४

चि. तेजस्विनी,

आशीर्वाद आधी घे, म्हणजे पुढचे बोलणे सुसह्य होईल.

तुझा मोबाइलवरचा निरोप मिळाला. त्यात वाक्ये कमी आणि हसरे-रडके चेहरे जास्त होते. मी संस्कृतचा मास्तर, मला चेहऱ्यांचा अन्वय लावता येत नाही. तेव्हा माझी अट अशी, की फोटो खुशाल मोबाइलवर पाठव, पण बोलायचे ते कागदावर बोल.

मला कळले ते एवढे. तुला आपल्या टोल्याचा, या एवढ्याशा वस्तीचा, नकाशा करायचा आहे, पण तो काढायचा नाही, फोटो जोडून बनवायचा आहे. आणि ते फोटोही तू काढणार नाहीस, आम्ही काढणार. म्हणजे कलावंत तू आणि मेहनत गावाची. ही कला आधुनिक आहे हे मला लगेच पटले.

मात्र शास्त्रकार ग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगून टाकतात. विषय काय, कशासाठी, दोहोंचा संबंध काय आणि अधिकारी, म्हणजे पात्र माणूस, कोण. तू चारही कळव. पहिल्या तीन मला हव्या आहेत, चौथी तुझ्या बाबांना.

काल त्यांच्या दुकानात गेलो होतो. भाऊजी गादीवर बसून लुगड्यांच्या घड्या मोडत आणि पुन्हा घालत होते. म्हणाले, "भूपेन, पोट्टी नकाशा करून राहिली म्हन्ते. नकाशा तं तलाठ्याकडं हाय ना! मंग हा कायले?"

"भाऊजी, तो जमिनीचा. हा कलेचा."

"कलेचा सातबारा निंगते का?"

मी एक लुगडे घडी घालायला उचलले. मग तेच जरा हळू आवाजात म्हणाले, "डिसेंबरात पुण्यात परदर्शन हाय ना तिचं, ते पाहून घेतो. काही जमलं तं ठीक. नाई तं तिनं वापस यावं आन दुकानात बसावं. मी तरी एकटा किती दिवस बसू?" तुझी आई आत होती. तिने पातेल्यावर झाकण गरजेपेक्षा जोरात ठेवले. लग्नापासून तिची मते अशी भांड्यांतूनच बाहेर येतात.

तेव्हा विचार करून लिही.

तुझा मामा,
भूपेंद्र


पुणे
२० ऑगस्ट २०२४

ती. मामा,

नमस्कार. शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच इतकं हाताने लिहितेय. अक्षराला हसू नका.

विषय सांगते. नकाशा नेहमी वरून पाहिलेला असतो. पण आपला टोला वरून पाहिलाय कुणी? घारीने पाहिला असेल, आणि तिने तक्रार केलेली नाही. आपण गाव पाहतो ते दारात उभं राहून. फोटो खरा वाटतो, कारण तो काढताना कुणीतरी तिथं उभं होतं. नकाशा खरा वाटतो, कारण तो काढताना कुणीच तिथं उभं नव्हतं. हे दोन्ही खरेपणा एका कागदावर आणले तर काय होतं, ते मला पाहायचंय. सध्या बरेच चित्रकार या वाटेने जाताहेत, मी एकटीच खुळी नाही.

म्हणून प्रत्येक घराच्या उंबरठ्यावरून समोर जे दिसतं त्याचा एक फोटो हवा. एका घराचा एकच. समोर कुणी उभं राहायचं नाही, कारण मला माणसं नकोत, जागा हवी. घरं ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने मी फोटो जोडीन.

सगळ्यात महत्त्वाचं घर रुखमिणकाकूंचं. बोडीच्या पाळीपलीकडे, बांधाच्या त्या अंगाला, त्या एकट्याच राहतात, आणि तिथूनच सगळं पाणी दिसतं. तो फोटो नसेल तर नकाशात तळं नाही, आणि बोडीशिवाय बोडीटोला म्हणजे नुसती दारांची रांग.

प्रदर्शन भरवणाऱ्या कलादालनाची एक अट आहे. तयार नकाशा गावाला दाखवायचा आणि प्रत्येक घराने 'हो' म्हणायचं. जो नाही म्हणेल त्याचा फोटो काढून टाकायचा. अट मला पटलीय.

अधिकारी कोण, ते मला माहीत नाही. बाबांना सांगा, डिसेंबरचं प्रदर्शन फसलं तर मी खरंच येईन. ते चुकीचं बोलत नाहीत. फक्त मला दुकानात बसून समोरच्या भिंतीकडे बघायची भीती वाटते.

तुमची,
तेजू


बोडीटोला
८ सप्टेंबर २०२४

चि. तेजू,

अक्षराला हसलो नाही. हसायला दुसरे पुष्कळ होते.

तुझी आज्ञा घरोघर जाऊन सांगितली. परिणाम तू मोबाइलवर पाहिलाच असशील. आता कारण ऐक. 'समोर कुणी उभे राहायचे नाही' हे वाक्य आपल्या गावात निरर्थक आहे. भय्याजींच्या दारासमोर काय? तुझ्या बाबांचे घर. भय्याजी मला म्हणाले, "सर, बाबूलालभाऊच्या घराचा फोटू काढाचा आन त्याईले सांगाचं बी नाई? चोर हाओ का आमी?"

म्हणून सांगितले. ऐकल्यावर भाऊजी म्हणाले, "थांब, सदरा घालून येतो."

तिथून जी साथ पसरली ती थेट गल्लीच्या टोकापर्यंत गेली. ज्याच्या घराचा फोटो निघणार त्याला आधी बोलावणे, त्याने आंघोळ करून येणे, त्याच्या बायकोने नवे लुगडे नेसेपर्यंत मोबाइल धरणाऱ्याने उन्हात थांबणे. शकुनबाईंचे घर गल्लीच्या त्या टोकाला. त्यांनी समोरच्यांना उभे केले, मग बरे दिसत नाही म्हणून बसायला आपल्याच घरच्या खुर्च्या नेऊन दिल्या, आणि एवढे झाल्यावर स्वतःच्या सासऱ्यांनाही मधल्या खुर्चीत नेऊन बसवले. तुला हवी होती जागा. ती सगळ्यांच्या पाठीमागे आहे, थोडी थोडी दिसते.

भाऊजींनी एका फोटोऐवजी पुष्कळ पाठवले. "जो चांगला वाटन तो घे मना. बाकीचे बी घे मना."

नियम पाळला तो एकट्या रुखमिणबाईंनी, आणि तोही नाइलाजाने. "सर, माह्या समोर कोन उभा राहीन? समोर पानी हाय. पान्यात कोनाले उभा करू?" म्हणून त्यांनी नुसते पाणीच पाठवले. काठापासून काठापर्यंत बोडी, आणि पलीकडे सगळी गल्ली बोटभर उंचीची. सदरे घातलेली माणसे तिथून मुंग्यांएवढीही दिसत नाहीत. फार सुंदर आहे.

तुझा,
मामा


पुणे
२५ सप्टेंबर २०२४

ती. मामा,

फोटो पाहून आधी मी दोन दिवस कामाकडे फिरकले नाही. मग माझी मैत्रीण कीर्ती आली. प्रदर्शनासाठीचा मजकूर तीच लिहिते. तिने फोटो पाहिले आणि वहीत लिहिलं, 'छायाचित्राच्या सत्तेला एका गावाने दिलेला सामूहिक नकार.' ते वाचून मला आपल्या गावाबद्दल एकदम आदर वाटला. मामा, हे खरं आहे का? भय्याजींनी नकार दिला होता का?

काही असो, जोडायला बसले आणि जमलं. मधे गल्ली, एका टोकाला शकुनबाई आणि देवळातला मारुती, दुसऱ्या टोकाला खालच्या कोपऱ्यात रुखमिणकाकू आणि त्यांचं पाणी. ते पाणी आहे म्हणून बाकीच्या गर्दीला श्वास घेता येतो. ते झाकून पाहिलं तर नुसता लग्नाचा अल्बम वाटतो.

छापायची फाइल मोबाइलवर पाठवतेय. अड्याळला फ्लेक्सवाल्याकडून काढून घ्या आणि समाजमंदिरात लावा. सगळ्यांचा 'हो' मिळवा. बाबांचा चेहरा कसा होतो ते नक्की लिहा.

तेजू


बोडीटोला
९ ऑक्टोबर २०२४

चि. तेजू,

कीर्तीला सांग, नकार वगैरे काही नाही. सदऱ्याला इस्त्री होती, म्हणून घातला.

नकाशा भिंतीवर लागला. पण गावाने तो नकाशासारखा वाचलाच नाही, लग्नातल्या पंगतीसारखा वाचला. कोण मधे, कोण कुणाच्या बाजूला आणि कोण पार दाराशी. तुझ्या बाबांचे घर बरोबर मधोमध आले आहे. भाऊजी दुकान बंद करून तीनदा पाहून गेले. तिसऱ्यांदा पाहुण्याला घेऊन आले आणि नुसते बाजूला उभे राहिले, जसा वरबाप उभा राहतो. शकुनबाई टोकाला आहेत, पण त्यांच्या शेजारी मारुती असल्यामुळे त्यांना टोक लागत नाही.

बाकी सगळ्या घरांनी हो म्हटले. शेवटी रुखमिणबाई आल्या. बराच वेळ पाहिले आणि माझ्याकडे वळल्या.

"सर, मले कोन्यात काहून बसवलं जी?"

"बाई, तुमचे घर कोपऱ्यातच आहे."

"ते मले मालूम हाय. मी रोज तिथंच झोपते."

"मग?"

"मंग काय? गावात कोनाच्या घरी कार्य असलं का बोलावनं माह्यापरेंत येता येता शिळं होते. नळाचं पानी माह्यापासी येऊन संपते. आता फोटूत बी तेच? सगळ्याईच्या बाजूले कोनी ना कोनी हाय. माह्या बाजूले काय हाय? फ्लेक्सची पट्टी!"

"नकाशात घर जिथे असते तिथेच दाखवावे लागते."

"दाखवा ना. पन माह्या पान्याशिवाय दाखवा. मी हाव नाई म्हनत."

यावर माझ्याकडे उत्तर होते, पण ते संस्कृतात होते. होकार न देताच बाई निघून गेल्या. आता काय करायचे ते तू ठरव. भाऊजींना अजून काही बोललो नाही. ते चौथ्यांदा पाहायला आले आहेत.

मामा


पुणे
१५ ऑक्टोबर २०२४

ती. मामा,

सापडलं! घाईत लिहितेय.

नकाशाला जन्मतः मध्य नसतोच. जो नकाशा काढतो तो स्वतःला मधे बसवतो. जगाचा नकाशा जिथे छापला असेल तो देश मधे, बाकीचे काठाला. मग आपण कागद दुसरीकडून कापू. गल्लीच्या मधे कापला आणि उजवा तुकडा डावीकडे नेला, की रुखमिणकाकू आपोआप मधोमध. एकही घर खोटं नाही, फक्त कात्री वेगळ्या जागी लागली.

नवी फाइल पाठवलीय. काकूंना आधी दाखवा. कलादालनाला पंधरा नोव्हेंबरच्या आत सगळ्यांचा होकार कळवायचाय.

तेजू


बोडीटोला
२६ ऑक्टोबर २०२४

चि. तेजू,

कात्री जिथे लागली तिथे तुझे जन्मदाते उभे होते. आता अर्धे भाऊजी नकाशाच्या डाव्या काठावर आहेत आणि अर्धे उजव्या. त्यांनी आधी एक अर्धे पाहिले, मग चालत जाऊन दुसरे पाहिले, आणि मला म्हणाले, "भूपेन, आपल्याच पोट्टीनं मले उभा चिरला." भय्याजी त्यांच्या समोरचे, म्हणून तेही चिरले गेले. दोघांनी दिलेला होकार परत घेतला आहे. गावात अशी एकी मी पहिल्यांदाच पाहिली.

एवढ्या बलिदानानंतर रुखमिणबाई तरी प्रसन्न व्हाव्यात ना? त्यांनी मध्यावर बोट ठेवले.

"हे कोनाचं घर होय?"

"तुमचेच, बाई. बरोबर मधे."

"आन हे बाजूले?"

"शकुनबाईंचे."

"शकुन तं पार त्या टोकाले राह्यते! माह्या बाजूले कवापासून आली? नाई जी, सर. मी इथं राह्यत नाई. खोटं कायले दाखवाचं? उद्या कोनी हे पाहून मले भेटाले आलं तं शकुनच्या चुलीपासी जाऊन बसन."

मी म्हणालो, "मग तुम्हाला हवे तरी काय?"

"ते मले काय समजते? तुमी शिकले-सवरले, तुमी पाहा."

थोडक्यात, बाईंना कोपराही नको आणि खोटेही नको. असा नकाशा वेदान्तात मिळेल, भूगोलात नाही. मी माझ्याकडून हरलो. जुना फ्लेक्स पुन्हा लावला आहे, म्हणजे निदान तुझे बाबा अखंड झाले, आणि दोघांचे होकारही परत आले.

मामा


पुणे
२ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

उद्या भाऊबीज. हे पत्र पोचेपर्यंत आईने तुम्हाला ओवाळलेलं असेल, त्यात माझ्याही वाटचं धरा.

मी काकूंचा फोटो काढून टाकतेय. त्या दोन्ही वेळा बरोबर होत्या. पाण्याच्या जागी पांढरं राहील. कीर्ती म्हणते, त्या पांढऱ्यावर फार छान लिहिता येईल. येईलही. पण मला त्यात प्रदर्शन दिसत नाही, अल्बमच दिसतो. बाबांनाही तोच दिसेल. त्यांना आत्ता काही सांगू नका. दुकानात कधीपासून बसायचं, ते मीच विचारीन.

एक करा. मूळ नकाशा, पाण्यासकट, मी मोठ्या कापडावर छापून घेतलाय. तो एसटीच्या पार्सलने पाठवलाय. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला सगळे पाहुणे येतात, तेव्हा एकदा तो पूर्ण नकाशा गावाला दिसावा असं वाटतं. पण आधी काकूंना विचारा. नको म्हणाल्या तर घडीसुद्धा उघडू नका.

तेजू


बोडीटोला
१० नोव्हेंबर २०२४

चि. तेजू,

हे पत्र नीट बसून वाच.

रुखमिणबाईंना विचारले. म्हणाल्या, "पाहाले काय जाते!" तेव्हा मंडईच्या सकाळी कापड उघडले. उघडतच राहिले. बाई गं, तू मापे घेतली होतीस का? समाजमंदिराची एकही भिंत त्याला पुरेना. बाहेर बांधावे तर वारा, आणि मंडईत पाळणेवाल्याचे दोर. शेवटी भय्याजी म्हणाले, "खालीच अंथरा ना जी." अंथरले. भिंतीपासून हातभर जागा सोडून सगळी जमीन नकाशाने भरली.

लोक आले, चपला बाहेर काढल्या, आत आले आणि काठावर थबकले. पुढे पाऊल कोण टाकणार? इकडे शकुनबाईंचे सासरे खुर्चीत बसलेले, त्यांच्या बाजूला मारुती, पलीकडे नव्या लुगड्यातल्या सुना. माणसाच्या चेहऱ्यावर पाय कसा द्यायचा? आणि देवाच्या? सांगायला कुणी नव्हते, पाटी नव्हती. पण सगळी मंडई भिंतीला पाठ लावून कडेकडेने फिरू लागली.

रुखमिणबाई आपल्या कोपऱ्यात गेल्या आणि घराशेजारी मांडी घालून बसल्या. ज्याला पाणी पाहायचे तो त्यांच्याजवळ येऊन बसू लागला, आणि पाणी सगळ्यांनाच पाहायचे होते. अड्याळचे पाहुणे, शहापूरच्या लेकी. बाई बोट ठेवून सांगत होत्या, "हे पाळ. इथं शिंगाडे होते. हा जो ठिपका दिसून राहिला ना, ते बाबूलालभाऊचं घर होय." मधे कुणीतरी त्यांना चहा आणून दिला. नंतर भजीही आली.

आणि बाबूलालभाऊ? ते सदरा घालून आले होते. पश्चिमेकडून मान लांब केली, पूर्वेकडून केली.

"भूपेन, मी कोन्ता?"

"मधला, भाऊजी."

"मधला दिसत नाई ना बे!"

शेवटी ते कोपऱ्याशी आले. "रुखमिणबाई, जरा सरका."

"काहून सरकू? माह्यं घर इथं हाय. तुमचं मधात हाय, तुमी मधात जा ना."

"कसा जाऊ?"

"ते मी काय सांगू जी? नकाशा तुमच्या पोट्टीनं केला."

सगळे समाजमंदिर हसले. भाऊजीही हसले, जरा उशिराने. मग बाईंनीच थोडी जागा केली. "बसा. पान्यावरून पाहा. इथून दिसते तुमची गल्ली." ते बसले. दोघे बराच वेळ बसले होते. काय बोलत होते ते ऐकायला मला जागा मिळाली नाही.

संध्याकाळी उठताना रुखमिणबाई म्हणाल्या, "सर, लिहा माह्यं हाव. पन पुन्यात बी भितीवर टांगाचा नाई. खालीच अंथराचा."

मी म्हणालो, "बाई, घर अजून कोपऱ्यातच आहे हं."

"कोना कुठं हाय? दिवसभर सगळे तं इथंच बसले होते."

तर सगळे होकार पूर्ण झाले. पत्र मिळताच कलादालनाला कळव. एकच नवी तक्रार आहे. भाऊजी विचारत आहेत, त्यांचे घर काठाला घेता येईल का.

मामा


पुणे
१६ डिसेंबर २०२४

ती. मामा,

प्रदर्शन सुरू झालं. नकाशा जमिनीवर आहे. पहिल्या दिवशी लोक यायच्या आधी मला धास्ती होती, की इथं तर सगळे बूट घालून सरळ चालत जातील. आणि गेलेच. एक गृहस्थ शकुनबाईंच्या दिशेने निघाले, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"ओ भाऊ! पाय काढा! शकुनबाईचा सासरा हाय तो!"

बाबा! मागे आई, हातात चिवड्याचा डबा. न सांगता आले होते. त्या गृहस्थांनी पाय काढला, मग बूटही काढले, आणि हा प्रदर्शनाचाच भाग आहे असं समजून टाळ्या वाजवल्या. बाबांनी त्यांना काठाला बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. मग दुसरे आले, मग आणखी. कीर्तीचा मजकूर भिंतीवर होता. तो कुणी वाचला नाही, सगळे बाबांना ऐकत होते. कुणीतरी विचारलं, तुमचं घर कुठलं? बाबा म्हणाले, "मधात. पन मधात पाहाची गरज नाई."

चार दिवस ते तिथून हलले नाहीत. जेवायलासुद्धा आळीपाळीने गेलो. दुसऱ्या एका शहरातल्या कलादालनाने मला पुढच्या वर्षी असंच आणखी एका गावाचं काम करशील का म्हणून विचारलं. मी बाबांकडे पाहिलं. ते एका बाईंना बोडीतले शिंगाडे समजावत होते, त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

गाडीत बसेपर्यंत दुकानाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही, भीती वाटली. त्या लोकांना अजून उत्तर दिलेलं नाही. मामा, घरी काही बोलले का?

तेजू


बोडीटोला
२४ डिसेंबर २०२४

चि. तेजू,

मला ते काही बोलले नाहीत. पण काल मी दुकानात बसलो असताना अड्याळचे एक गिऱ्हाईक आले. त्याने दोन लुगडी उलटीपालटी केली आणि विचारले, "बाबूलालभाऊ, परदर्शन झालं म्हन्ते. मंग पोट्टी कवा बसून राहिली दुकानात?"

भाऊजी घडी घालत होते. मान वर न करता म्हणाले, "कायले बसन? तिचं काम चालू हाय ना. आता दुसऱ्या गावाचं हाय."

"काय काम करते?"

झाले! भाऊजींनी लुगडी बाजूला सारली आणि त्याला फोटो आणि नकाशा यांचा संबंध सांगायला घेतला. फोटोत कोणी उभे असते, नकाशात कोणी उभे नसते, आणि पोरीच्या कामात सगळे उभे आहेत पण बघणाऱ्याने बसायचे, असा काहीसा सिद्धान्त होता. मला अर्धा समजला. गिऱ्हाइकाला तेवढाही समजला नसावा. ते लुगडे न घेताच उठले.

ते गेल्यावर भाऊजी हळूच मला म्हणाले, "भूपेन, त्याले समजलं नाई. पन हे तेजूले सांगू नको, तिले वाईट वाटन."

मी बरे म्हणालो, आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.

तुझा,
मामा